खांद्याशी अबोला

“माह्याकडे काय पाहून राहिले, भिंतीकडे पाहा. भिंत काय खाते काय तुमाले? बोटं चढवा वर. चढवा म्हनते ना.”

मी भिंतीकडे पाहिलं. माझा उजवा हात तिच्यावर कमरेच्या जरा वर पालीसारखा चिकटला होता, आणि पालीला असते तेवढीही घाई त्याला नव्हती. मी म्हटलं, मॅडम, पुढे नाही जात हो.

“मले काय सांगता? त्याले विचारा.”

अमरावतीत आमच्या कॉलनीच्या टोकाला एका घराचं स्कूटर ठेवायचं गॅरेज होतं. हा तमाशा तिथे रोज सकाळी चाले. आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडचे लोक त्यावर घड्याळ लावत. एकदा समोर नवं बिऱ्हाड आलं, तर त्यातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी गॅरेजच्या घरमालकांना दबक्या आवाजात विचारलं, इथल्या सासू-सुनेचं रोजच असं असतं का? घरमालक म्हणाले, सासू-सून नाही, दवाखाना आहे. बाईंचा विश्वास बसला नाही. महिनाभरानं त्यांची स्वतःची मान धरली आणि त्याही आत जाऊन ओरडा खाऊन आल्या, तेव्हा बसला.

बाहेर पाटी होती. फिजिओथेरपी असा शब्द तिच्यावर होता, पण तो आमच्या कॉलनीतल्या कोणाच्या जिभेवरून एका दमात उतरला नाही. नावही होतं. पण ज्या बाईनं आपला हात पिरगाळून धरलेला आहे तिला नावानं हाक मारायची कोणाची छाती होती? आम्ही सगळे ‘मॅडम’ म्हणत होतो. सारी अमरावती मॅडम लोकांनी भरलेली आहे, शाळेत मॅडम, बँकेत मॅडम, क्लासमध्ये मॅडम, पण आमच्या भागात रिक्षावाल्याला नुसतं ‘मॅडमकडे’ म्हटलं की तो गॅरेजपुढे आणून सोडे आणि उतरताना हळूच विचारे, “कंबर का गुडघा?”

बुटक्या होत्या. सलवार-कुर्ता, खांद्यावर टॉवेल, पायात धावायचे बूट. माहेर-सासर सगळं अकोल्याचं. अंगठा असा की बदाम फोडायला अडकित्ता नको. आणि गणित कच्चं. म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. हात वर धरायचा, दहा मोजेपर्यंत. मोजणार त्या. सुरुवात झकास व्हायची, एक, दोन, तीन, अगदी रेल्वेसारखी. आणि आठावर आली की गाडी सिग्नलला थांबायची. “सात, आठ, आठ… आठ… जरा अजून, आठ… साडेआठ…” तेवढ्यात फोन वाजायचा. त्या फोनवर बोलून यायच्या आणि विचारायच्या, “कुठं होतो आपन? हां, पाच.” मी देवाशपथ सांगते, त्या गॅरेजात मॅडमच्या तोंडून नऊ हा आकडा मी कानांनी ऐकलेला नाही.

तुम्ही म्हणाल, बाई एवढा छळ सोसायला गेलीच कशाला? तर आधी माझा हात म्हणजे काय होता ते ऐका.

मी मांडे करते. पुरणाचे वऱ्हाडी मांडे, उलट्या खापरावरचे. पोळपाटावर लाटून होते ती पुरणपोळी. मांडा हातावर होतो. पुरण भरलेली पुरी दोन्ही तळहातांवर घ्यायची, हात खांद्याच्या रेषेत वर, आणि या हातावरून त्या हातावर फेकत, फिरवत ताणत जायची; तळहात, मनगट करत करत पार कोपरापर्यंत यायला हवी. मग अलगद खापरावर सोडायची. बडनेऱ्यापासून परतवाड्यापर्यंत कोणाकडे लग्न निघालं की आधी मला विचारत, मग भटजींना. माझा मांडा एवढा पातळ की पलीकडे धरलेला पेपर वाचता यायचा, बारीक अक्षराच्या जाहिरातींसकट. एकदा अचलपूरच्या लग्नात मांडा हातात असताना वारा सुटला, तो मांडा उडून मंडपाच्या फाटक्या जागी जाऊन बसला आणि अख्खी पंगत त्याच्या सावलीत जेवून उठली. आता यात तुम्हाला थोडं मीठ जास्त लागत असेल तर काढून घ्या. पण थोडंच काढा.

तर त्या दिवाळीला माझा उजवा खांदा दुखू लागला. आधी अंबाडा घालताना. हात मागे जाईना. आमचे हे एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. ते म्हणाले, मी घालून देतो. ज्या माणसाचं आयुष्य इंजिनाचे पट्टे आवळण्यात गेलं त्यानं माझा अंबाडा घातला. दोन दिवस मला डोळे मिटता आले नाहीत. दुखण्यावर त्यांचं निदान तयार होतं: “जॉइंटातलं ग्रीस संपलं तुह्या.” मी रात्री कूस बदलून झोपत होते ती दुखण्यामुळे नाही, हा माणूस नोझल घेऊन येईल या भीतीनं.

मी माझं डोकं लावलं. आता बघा, मांड्याच्या कणकेचं कसं असतं? तिंबायची, आपटायची, पाण्याचा हात लावायचा, आणि ओल्या फडक्याखाली गुमान झाकून ठेवायची. जितकी मुरेल तितकी ताणेल. घाईनं घेतली की फाटते. मी म्हटलं, खांदा बिचारा इतकी वर्षं राबला, कणीक घट्ट झाली. आता मुरू द्यावा. जुन्या लुगड्याची झोळी केली, हात त्यात घातला, वरून गरम कपडा झाकला, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत त्याला बोटसुद्धा हलवू दिलं नाही. लग्नांची कामं दुसऱ्या बायांना दिली. संक्रांतीचं हळदीकुंकू डाव्या हातानं केलं. सगळ्या बायका म्हणाल्या, छान केलंत, आराम पाहिजेच. कोणी बिब्ब्याचं तेल दिलं, कोणी मेथीचे लाडू. तेल वर, लाडू आत, हात झोळीत.

संक्रांतीनंतर झोळी सोडली. हात तसाच राहिला. झोळी गळ्यातून निघाली, हात आपला हवेत, झोळी असल्यासारखा. चिखल वाळल्यावर त्यात रुतलेलं चाक असतं ना, तसा.

आणि त्याच आठवड्यात आमच्या कांचनचं लग्न ठरलं. एकुलती एक लेक. स्थळ अकोल्याचं, तिथी वैशाखातली.

आता आमच्या घराण्याची एक रीत आहे. लेकीच्या लग्नात पहिला मांडा आईनं करायचा आणि तो विहिणीच्या पानात पडायचा. स्वयंपाकाला पन्नास बाया असोत, पहिला आईचा. आणि माझी आजी म्हणायची, त्या मांड्याला भोक पडलं तर विहीण जन्मभर त्या भोकातून सुनेकडे पाहते. माझ्या आईनं केला, तिच्या आईनं केला. मी साऱ्या जिल्ह्याच्या लेकींचे मांडे केले, आणि माझ्या लेकीच्या वेळी माझा हात मिठाच्या डब्यापर्यंत पोचत नव्हता. मी मोठी बोलघेवडी बाई. पण त्या दिवसांत रडायला आलं की मोरीचा नळ सोडून बसायची.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि म्हणाले, हाडं उत्तम आहेत. मला राग आला. एवढं दुखतं आणि हाडं उत्तम? ते म्हणाले, हाड नाही, सांध्याभोवतीचं आवरण आवळून बसलंय; औषधानं दुखणं कमी होईल, हात व्यायामानंच सुटेल. आणि गॅरेजचा पत्ता दिला.

मॅडमनी हात इकडून तिकडून वळवून पाहिला आणि विचारलं, बांधून ठेवायला कोणी सांगितलं? मी मान ताठ करून कणकेचा सगळा सिद्धांत सांगितला. मुरण्यापासून ताणण्यापर्यंत. मॅडमनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकला. मग म्हणाल्या:

“मावशी, कनिक मुरते. खांदा आळते. सांध्याशी अबोला धरला का तो बी तोंड फिरवून बसते. आता समजूत काढा त्याची.”

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गुडघा असो, मान असो, कंबर असो, “सांध्याशी अबोला नोको.” त्यांच्या लेखी दुखणं म्हणजे भांडण होतं आणि भांडण चालेल, अबोला चालणार नाही. पण भांडणाचाही कायदा होता. मी पहिल्या दिवशी जोशात येऊन घरी तिप्पट व्यायाम केला आणि रात्रभर कण्हले, तर दुसऱ्या दिवशी मलाच बोलणी बसली. व्यायामानं दुखलं आणि संध्याकाळपर्यंत मिटलं, तर भांडण बरोबर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीही धुसफूस चालूच असेल, तर आपण जास्त बोललो. आज कमी बोलायचं. संसाराला लावून पाहा, तिथेही चालतं.

मग आमची समजूत काढणं सुरू झालं. आधी गरम पाण्याचा शेक. मग वाकून उभं राहायचं, हातात पाण्याचा लोटा, आणि तो घड्याळाच्या लंबकासारखा नुसता झुलू द्यायचा. दारावरून दोरी टाकून चांगल्या हातानं वाईट हाताला वर ओढायचं. पाठीमागे पंचा धरून अंग पुसल्यासारखं करायचं. आणि भिंत. भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं चढायचं. जिथे मुंगी थकेल तिथे आठ, आठ, साडेआठ.

मी स्वयंपाकातून उठून जायची, त्यामुळे बोटांना हळद असे. त्या पांढऱ्या भिंतीवर माझ्या बोटांच्या पिवळ्या रेघा उमटू लागल्या. मॅडम ओरडल्या नाहीत. उलट म्हणाल्या, असू द्या, कुठंवर आलो ते दिसते.

माझ्या शेजारच्या स्टुलावर एक चाचा बसत. इतवारा बाजारात त्यांची फळांची गाडी. थंडीत संत्री, पुढे आंबे. दोन्ही गुडघे गेले अशी त्यांची समजूत. मॅडमनी काय करावं? स्वतःची स्कूटी काढून बाजारात गेल्या आणि चाचा गाडीच्या बाजूला दिवसभर उकिडवे बसतात हे पाहिलं. भर बाजारात त्यांना उठवलं, संत्र्याची एक रिकामी पेटी पालथी घातली, वर पोतं टाकलं आणि म्हणाल्या, आजपासून सिंहासन हे. बाजार तीन दिवस हसत होता. चौथ्या दिवशी आजूबाजूचे दोघे पेट्या पालथ्या घालून बसले. गॅरेजात चाचांना गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची असे. मोजणी अर्थात मॅडमची. एकदा चाचांनी फार अदबीनं अर्ज केला.

“मॅडम, हमारे बाजार में तो आठ के बाद नौ आता है.”

“तुमच्या गुडघ्यात आला का कळवते तुमाले.”

चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, “बहेनजी, ये औरत अगर संत्रे गिनती, तो मैं कब का डूब गया होता.” पण स्टुलावरून उठताना ते हात टेकत नाहीत हे मीच त्यांना दाखवलं. त्यांनी पुन्हा बसून, पुन्हा उठून खात्री केली.

आणि नुसता दंडुकाच होता असं समजू नका. एका सकाळी घरमालकच आले. कंबर दुखत होती ती आठवडाभरापासून, पण आज पाय बधिर, पाऊल उचलत नाही, लघवीचंही काही समजत नाही म्हणाले. मॅडमचा आवाज एकदम खाली आला. त्यांनी अंगठासुद्धा लावला नाही. हे माह्या हातचं काम नाही एवढं बोलून गॅरेज आमच्यावर सोडलं, रिक्षा बोलावली आणि स्वतः त्यांना घेऊन हॉस्पिटलात गेल्या. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. घरमालक आज बाजारहाट पायी करतात. त्या दिवशी मला कळलं, ज्या दुखण्यावर मॅडम ओरडतात ते बरं होणारं असतं.

माझ्यावर तर फार ओरडत. विशेषतः साखरेवरून. अशा खांद्यामागे पुष्कळदा साखर असते, तपासून घ्या म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, पुरण मी करते, खात नाही, चाखते फक्त. तपासली, तर साखर एवढी निघाली की लॅबवाला म्हणाला असेल, या बाईला मुंग्या कशा लागल्या नाहीत. मॅडमनी विचारलं, एका लग्नात चाखता किती? मी खरं सांगितलं. तेव्हापासून पुरण आमचे हे चाखतात, आणि सगळ्याला उत्तम म्हणतात. त्या माणसाला गूळ आणि ग्रीस यातला फरक समजत नाही. साखर उतरू लागली तरी मॅडमचा इशारा होताच: एक खांदा रुसला की पुढेमागे दुसराही रुसतो, डाव्यावर लक्ष ठेवा. मी म्हटलं, डावा माझा गुणी आहे.

होळी झाली, ऊन चढलं. पिवळ्या रेघा भिंतीवर माझ्या कपाळापर्यंत आल्या. अंबाडा माझा मी घालू लागले. आणि तिथे गाडी थांबली. हात वर जायचा, पण मांड्याला लागतो तसा फिरायचा नाही. घरी करून पाहिला. पुरी ताणायच्या आधी खांदाच कानाला येऊन भिडायचा आणि मांडा जमिनीवर. लग्नाला थोडे दिवस उरले होते. मी गॅरेजात जाऊन म्हटलं, मॅडम, हात दिलात, उपकार झाले; मांडा जाऊ द्या, पहिला मांडा माझी जाऊ करेल.

मॅडम म्हणाल्या, उद्या कनिक घेऊन या.

तुम्ही जन्मात पाहिलं नसेल असं दृश्य दुसऱ्या दिवशी झालं. तपासायच्या पलंगावर माझी कणकेची परात. चाचा स्टुलावर, आमचे हे दारात, घरमालक कंबरेला पट्टा बांधून. मॅडमना स्वयंपाकातलं ओ की ठो येत नव्हतं. डबा लावलेला होता. त्या म्हणाल्या, आधी मले शिकवा, मग मी पाहते तुमचा हात कुठं अडते. त्यांनी कणीक घेतली, बाह्या सारल्या, आणि पहिलाच मांडा त्यांच्या कोपराला असा गुंडाळला गेला की प्लास्टर घातल्यासारखा. दुसरा चाचांच्या मांडीवर पडला. चाचा म्हणाले, “ये तो शेक का नया तरीका है.” मी हसून हसून पलंगाला टेकले. इतक्या महिन्यांत मी अशी हसले नव्हते. आणि हसता हसता मी त्यांच्या हातातून कणीक काढून घेतली, असं नाही हो मॅडम, असं, म्हणत हात वर नेले.

“थांबा. तसंच राहा.”

मागून येऊन त्यांनी दोन बोटं माझ्या खांद्यावर ठेवली. म्हणाल्या, तुम्ही हात उचलतच नाही, खांदा उचलता. दुखेल या भीतीनं खांदा आधीच कानाशी जाऊन लपतो. तो खाली राहू द्या, मान लांब, आणि आता फिरवा. मी फिरवला. दुखलं. पण फिरला. त्या दिवसापासून भिंत बंद झाली आणि हातात ओला पंचा आला: मांड्यासारखा या हातावरून त्या हातावर, खांद्यावर मॅडमची दोन बोटं, आणि आठ, आठ, आठ. चाचांनी त्या पंच्याला ‘बगैर गुड का मांडा’ असं नाव ठेवलं.

लग्नाचा दिवस. मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात चूल पेटलेली, खापर तापलेलं. पंगत बसायची वेळ झाली. विहीणबाई अकोल्याच्या, भारदस्त, फारसं न बोलणाऱ्या. त्या न बोलण्याचीच मला जास्त धास्ती. मी पुरी हातावर घेतली. आणि बाई गं, माझा खांदा सरळ कानाशी जाऊन बसला. आजूबाजूला सगळ्या बाया. जाऊ पुढे झाली, द्या म्हणाली. कांचन मुंडावळ्या बांधलेली, दारातून पाहत होती.

मागून दोन बोटं खांद्यावर आली. नेसलेला सिल्कचा शालू, खाली तेच धावायचे बूट. ओरडल्या नाहीत. फक्त माझ्या कानाशी मोजू लागल्या. “एक… दोन… तीन…” मी हात फिरवला. तळहात, मनगट, कोपर. “सात… आठ… आठ…” मांडा वाढत गेला. मी नेहमी वाढवून सांगते, पण आता सांगत नाही: तो माझ्या पूर्वीच्या मांड्यापेक्षा लहान होता. खापरावर सोडला. आणि उलटताना दिसलं, कडेला डाळीएवढं भोक.

नवा करायला वेळ नव्हता. तोच विहीणबाईंच्या पानात गेला. मी चुलीशी उभी, हातातला पंचा पिळत. विहीणबाईंनी मांडा उचलला, उजेडाकडे धरला. भोक पाहिलं. मग पानावर ठेवून वाढणाऱ्याला म्हणाल्या, “भोक हाय तं तूप आत जाईन. वाढा.” आणि पहिला घास तिथूनच मोडला.

मी मागे वळले, मॅडमच्या गळ्यात पडायला. त्या विहीणबाईंकडे पाहत होत्या. म्हणाल्या, यांचे दोन्ही गुडघे धरलेले आहेत, खुर्ची द्या त्यांना. आणि स्वतःच खुर्ची आणायला गेल्या.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात मॅडमची आई अकोल्यात न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. चार दिवसांत मॅडमनी गॅरेज आवरलं. दोरी, लोटा, टॉवेलच्या गुंडाळ्या आम्हा लोकांत वाटून टाकल्या, ज्याचा व्यायाम त्याला पुन्हा बजावला, आणि बसला बसून गेल्या. निरोपाचं भाषण वगैरे काही नाही. खिडकीतून चाचांना ओरडून सांगितलं, उकिडवे बसू नोका. बस बडनेऱ्याच्या रस्त्याला लागली तरी ऐकू येत होतं म्हणतात.

गॅरेजात आता पुन्हा स्कूटर उभी असते. घरमालकांनी भिंतीला रंगाचे हात दिले, तर दर वेळी माझी हळद वर येते. रंगारी म्हणाला, खरवडून काढू का? घरमालक म्हणाले, राहू दे. सकाळी कॉलनी इतकी शांत असते की लोकांची घड्याळं चुकू लागली.

परवा कांचनला भेटायला अकोल्याला निघाले, तेव्हा पहाटे उठून मांडे केले. सकाळी अंबाडा घालताना डावा हात जरासा ओढला. थंडीचं असेल, म्हटलं. कोणाला बोलले नाही. डबा उजव्या हातात घेतला. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मनात भाषण तयार केलं. आयुष्यात कोणाचे आभार मानले नाहीत, सगळे मानायचे ते एकदम मानून टाकावे, असं.

कांचनकडे जायच्या आधी मॅडमचं घर गाठलं. दार उघडंच होतं. ओसरीत मॅडमची आई वॉकर धरून चालत होती आणि मॅडम बाजूनं मोजत होत्या, “सात, आठ, आठ…” आजी मला पाहून थांबल्या आणि म्हणाल्या, “हे लहानपनापासून गनितात कच्ची हाय व बाई.”

मग मी बोलले. मॅडम मांडा खात होत्या आणि मी बोलत होते. म्हटलं, तुम्ही हात दिला म्हणून लेकीच्या लग्नात मान राहिला. तुम्ही आलात म्हणून मला कळलं की दुखण्याशी बोलावं लागतं. वऱ्हाडात आज जितके मांडे हवेत उडतात त्या सगळ्यांखाली तुमची दोन बोटं आहेत. तो पहिला मांडा आठवला की अजून डोळ्यात पाणी येतं. एवढं मनापासून मी कधी बोलले नव्हते. आजींनी पदर डोळ्याला लावला. माझा उजवा हात बोलता बोलता वर, खाली, चहूकडे फिरत होता.

मॅडमनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बोटाला लागलेलं तूप टॉवेलला पुसलं.

“झालं बोलून? आता डावा वर करा.”